नोकरी बदलतांना निवृत्तिवेतनाचें काय करावें?

शाळेचा अभ्यासक्रम संपवून जे विद्यार्थी कारखान्यांत, कचेरींत अथवा दुकानांत नोकरीस लागतात, त्यांच्या हातीं पहिल्या महिन्याअखेर पगाराचा एक तपशील येतो. त्यांत मूळ पगारांतून कांहीं रक्कम कापलेली दिसते व तिच्यापुढें 'पी. एफ.' अशीं दोन अक्षरें असतात. ही कपात कोठें जाते, हें बहुतेकांस नोकरी सोडण्याची वेळ येईपर्यंत ठाऊक नसतें, आणि त्या वेळीं एखादा मित्र सांगतो, "काढून घे, थोडेच तर आहेत." हा सल्ला कितपत घ्यावा, याचा विचार पालकांनीं व वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं अगोदर करून ठेवलेला बरा.

भविष्यनिर्वाह निधीची व्यवस्था आपल्या देशांत १९५२ सालच्या कायद्यानें सुरू झाली, आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून तिला निवृत्तिवेतनाची आजची योजना जोडली गेली. सामान्यतः वेतनाच्या १२ टक्के नोकर देतो व तितकेच मालक देतो. नोकराचा संपूर्ण वाटा निधींत जातो. परंतु मालकाच्या वाट्यांतील ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे वळविले जातात. याकरितां वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये धरली गेली. त्या हिशेबानें दरमहा फार तर १,२५० रुपये तिकडे जमा होतात. (त्या तारखेनंतर जो प्रथमच नोकरीस लागला व ज्याचें वेतन आरंभींच या मर्यादेहून अधिक होतें, तो या योजनेंत येत नाहीं, त्याचें सर्व कांहीं निधींतच जातें.)

या दोन खात्यांचा स्वभाव अगदीं भिन्न आहे, आणि सगळा घोटाळा तेथेंच होतो. निधींत पैसे मोजले जातात. निवृत्तिवेतनांत वर्षें मोजलीं जातात. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनास नोकरीच्या वर्षांनीं गुणावें व ७० नें भागावें, म्हणजे दरमहाचें निवृत्तिवेतन निघतें. १५,००० रुपये वेतन व १० वर्षें नोकरी असल्यास उत्तर येतें सुमारें २,१४३ रुपये. तें वयाच्या ५८ व्या वर्षापासून मिळतें. मात्र १० वर्षें भरलीं नाहींत, तर मासिक निवृत्तिवेतन मुळींच नाहीं. थोडीशी एकरकमी भरपाई तेवढी पदरांत पडते. ती प्रत्येक वर्षामागें ढोबळ मानानें एका महिन्याच्या वेतनाइतकी असते.

आतां असें समजा कीं, एक तरुण पिंपरीच्या कारखान्यांत चार वर्षें काम करून रांजणगांवच्या कारखान्यांत गेला. तो जर सरळ एकींतून दुसरींत गेला असेल, तर निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्याची नियमानें त्याला मुभाच नाहीं. जुनी नोकरी नव्या नोकरीस जोडून घेणें हाच मार्ग. प्रश्न उभा राहतो तो मध्यें कांहीं काळ रिकामा गेल्यास. तेव्हां घरभाडें थकलेलें असतें, मुलांची फी भरावयाची असते, आणि वेतन १५,००० रुपये असल्यास चार वर्षांचे सुमारें ६०,००० रुपये समोर दिसत असतात.

येथें गणित प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. चक्रवाढ व्याज शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण स्वतः सोडवून पहावें. अठ्ठाविसाव्या वर्षीं काढलेले ६०,००० रुपये कोणी दरसाल ८ टक्के व्याजानें ३० वर्षें खरोखर अडकवून ठेवले, तर त्यांचे सुमारें दसपट, म्हणजे सहा लाख होतील. त्या चार वर्षांमुळें निवृत्तिवेतनांत पडणारी भर मात्र महिना ८५७ रुपयांची, आणि महागाई वाढली म्हणून ती आपोआप वाढत नाहीं. केवळ आंकड्यांवर पाहिल्यास तरुणानें पैसे काढणेंच फायद्याचें ठरेल! परंतु आडवेळेस काढलेले पैसे तीस वर्षें तसेच कोण ठेवतो? ते अडचण होती म्हणूनच काढलेले असतात आणि अडचणींतच जातात. म्हणून माझ्या मतें खरी तुलना सहा लाख व ८५७ यांची नसून, शून्य व ८५७ यांची आहे.

शिवाय दोन गोष्टी त्या गणितांत येत नाहींत. आरंभीं ज्याचें वेतन ८,००० रुपये होतें, त्याला काढतेवेळीं भरपाई त्याच दरानें मिळते; पण वर्षें राखून ठेवलीं, तर तींच वर्षें पुढें अखेरच्या वाढलेल्या वेतनाच्या भावानें मोजलीं जातात. दुसरी गोष्ट दहा वर्षांच्या रेषेची. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, आठनऊ वर्षें झालेल्या गृहस्थानें भरपाई घेतली, तर पुढच्या नोकरींत त्याला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते, आणि ५८ वर्षांपूर्वीं दहा वर्षें भरतीलच याची खात्री नसते. अशा माणसानें या रकमेस हात लावूं नये, असें मी निःशंकपणें म्हणेन.

ज्याला पुढची नोकरी अद्याप मिळाली नाहीं, अथवा जी भगिनी कांहीं वर्षें घर सांभाळण्याकरितां नोकरी सोडते, तिच्यासाठीं तिसरी वाट आहे, आणि ती फारच थोड्यांस माहीत असते. भरपाईऐवजीं 'स्कीम सर्टिफिकेट' नांवाचा दाखला मागतां येतो. अर्जाचा नमुना दोहोंस एकच आहे, '१० सी'. या दाखल्यावर झालेल्या नोकरीचीं वर्षें नोंदलेलीं राहतात. पुन्हा नोकरी लागली कीं तो नव्या मालकामार्फत सादर करावा, म्हणजे जुनीं वर्षें नव्यांत मिळतात. दहा वर्षें भरल्यानंतर तर भरपाईचा पर्याय उरतच नाहीं, दाखलाच घ्यावा लागतो. पैसे काढण्यासाठीं किती काळ बेकार असावें लागतें, हे नियम बदलत असतात. ते त्या त्या वेळीं निधीच्या कार्यालयांत विचारून घ्यावे.

निधीच्या रकमेविषयीं फारसें सांगावयास नको. ती व्याजासह नव्या खात्यांत वर्ग करून घ्यावी; सलग पांच वर्षांची नोकरी होण्यापूर्वीं काढल्यास ती सामान्यतः प्राप्तिकरास पात्र ठरते, आणि वर्ग केल्यास जुन्या नोकरीचा काळ त्या पांच वर्षांत धरला जातो. २०१४ पासून प्रत्येक सभासदास १२ आंकडी कायमचा क्रमांक मिळतो. नव्या ठिकाणीं तोच सांगावा, दुसरा उघडूं देऊं नये. निधि वर्ग झाल्यावर पुस्तकांत निवृत्तिवेतनाच्या रकान्यांतील जुनी रक्कम पुढें आलेली दिसत नाहीं, त्यामुळें अनेकजण घाबरतात. तिकडे रक्कम यावयाचीच नसते. नोकरीचा काळ नोंदला गेला कीं नाहीं, तेवढें पहावें. जुन्या मालकानें नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, हेंहि त्याच वेळीं पाहून घ्यावें.

बहुतेक अर्ज अडतात ते मात्र नांवापाशीं. शाळेच्या दाखल्यावर आडनांव आधीं, आधारपत्रावर शेवटीं. एकीकडे वडिलांचें नांव, दुसरीकडे नुसतें आद्याक्षर. विवाहानंतर मुलीचें नांवच निराळें. जन्मतारखेंत एका दिवसाचा फरक. इतक्यानेंहि चार वर्षांची नोंद लटकून राहते. शाळेच्या नोंदवहींतील चूक विद्यार्थी शाळेंत असतांना दुरुस्त करणें सोपें जातें, नंतर फार खेटे पडतात. तेव्हां दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीं पालकांनीं आपल्या पाल्याचें नांव व जन्मतारीख कचेरींत येऊन एकदां पडताळून पहावी.