आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय होते?

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. मागच्यांना ऐकू यावे म्हणून ध्वनिवर्धकाचे बटण फार पुढे फिरवले, की आवाज ‘फाटतो’ आणि संवाद कळेनासे होतात. गंमत अशी, की रॉक संगीतातील इलेक्ट्रिक गिटारचा भरदार, खरखरीत स्वर याच दोषातून मुद्दाम मिळवला जातो. मग एकीकडे दोष आणि दुसरीकडे गुण, असे का?

गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात व त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार कंप पावली, की फॅराडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने वेढ्यांत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. अॅम्प्लिफायर तो वाढवतो. पण त्याच्या कुवतीपलीकडे वाढवू शकत नाही. मग लहरीचा माथा छाटला जाऊन सपाट होतो.

याचा परिणाम वर्गात आलेखकागदावर दाखवता येईल. ३०, ६० व ९० अंशांच्या साइन किमती ०.५०, ०.८७ व १.०० आहेत. त्यांत तिप्पट वारंवारितेची, पण एक-नवमांश उंचीची साइन लहर मिळवा. बेरीज ०.६१, ०.८७ व ०.८९ येते. माथा सपाट झाला! म्हणजे उलट, माथा सपाट करणे हे मूळ स्वरात वरचे स्वर मिसळण्यासारखेच आहे. ११० हर्ट्झच्या लहरीचे दोन्ही माथे सारखेच छाटले, तर ३३०, ५५०, ७७० हर्ट्झचे नवे स्वर उमटतात. स्वर भरदार वाटतो तो यांमुळे.

छाटणीच्या रीती अनेक. १९६४ साली ‘द किंक्स’चे डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला होता. पायाने दाबायच्या ‘पेडल’ पेटीत बहुधा डायोड असतात. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला वाहू लागतो आणि त्यावरचा माथा कापतो. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये माथा हळूहळू गोलावत जातो, म्हणून तो स्वर मऊ लागतो. शिवाय गिटारचा स्पीकर सुमारे ५००० हर्ट्झवरचे स्वर फारसे देत नाही; त्यामुळे खरखर कानाला बोचत नाही.

आता मूळ प्रश्न. दोन स्वर एकत्र छाटले, तर त्यांच्या बेरजांचे व वजाबाक्यांचे स्वरही जन्मतात. गिटारवादक अशा वेळी बहुधा सा आणि प एवढेच वाजवतो. ११० व १६५ हर्ट्झची वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा! नवा स्वर जुन्यांशी जुळतो. नाटकात मात्र संवाद, पेटी आणि तबला एकाच अॅम्प्लिफायरमधून जातात. त्यांच्या बेरजा-वजाबाक्या कशाशीच जुळत नाहीत आणि शब्द त्या गोंगाटात बुडतात.

तेव्हा आवाज फाटू लागला, की बटण पुढे नव्हे, मागे फिरवावे. मागच्यांना ऐकू जाण्यासाठी अधिक क्षमतेचा अॅम्प्लिफायर लावावा किंवा तिथे वेगळा भोंगा द्यावा. विद्यार्थ्यांना विचारा : सा आणि प ऐवजी ११० व १५० हर्ट्झचे स्वर घेतले, तर वजाबाकी किती? ती कोणत्या स्वराशी जुळते?