खेळाडू मुलं जेवण का तोडतात?

गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर या आदिवासी विकास प्रकल्पांतल्या आश्रमशाळांत स्पर्धांचा हंगाम आला की मुलं सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतात. इथं खेळ नुसती हौस नाही, पोलिस भरतीची तयारीही त्याच मैदानावर होते. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या गिर्यारोहण मोहिमेतून एव्हरेस्टवर पोचले. डिसेंबर 2023 मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापुरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. स्वप्नं मोठी झाली, तसं निवड हुकण्याचं भयही मोठं झालं. या भयापायी एखादं मूल ताटातला घास कमी करू लागतं, तेव्हा भोवतालची मोठी माणसं काही ठरावीक वाक्यं बोलतात. ती तपासून पाहू.

गैरसमज : ही शहरातल्या, सुखवस्तू घरांतली दुखणी. आपल्याकडे मुळात पोटभर मिळण्याचीच अडचण.

वस्तुस्थिती : दोन्ही गोष्टी एकाच मुलीत असू शकतात. घरी असताना कमी पडलेलं अन्न आणि वसतिगृहात मुद्दाम सोडलेलं अन्न, यांतला फरक शरीराला कळत नाही. सरावात खर्च होणारी ऊर्जा भरून निघाली नाही, की हाडं, रक्त, पाळी, झोप आणि मन या सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. उलट आपल्याकडे धोका जास्त, कारण बारीक मूल इथं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

गैरसमज : जेवत नाही म्हणजे नखरे. दोन दिवस दुर्लक्ष करा, आपोआप जेवेल.

वस्तुस्थिती : उपासमार स्वतःच मन बदलते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं. ते मनाने खंबीर आहेत हे आधी तपासलं होतं. तरीही ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. दिवसभर डोक्यात अन्नाचेच विचार. पुढे जेवण वाढवल्यावर काहींना खाणं थांबवता येईना. म्हणून एका आठवड्यात ताट परत करणारं आणि पुढच्या आठवड्यात लपूनछपून भरमसाट खाणारं मूल ढोंग करत नसतं. सुरुवात भीतीतून होते, नंतर भूकच त्या भीतीला खतपाणी घालते.

गैरसमज : भात सोडला की वजन उतरतं, म्हणजे चरबी जळते.

वस्तुस्थिती : धानाच्या या मुलखात भात हेच मुख्य अन्न, म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. भातातून मिळणारी साखर स्नायूंत साठते आणि वेगाने धावताना तीच कामी येते. या साठ्यासोबत त्याच्या सुमारे तिप्पट वजनाचं पाणीही असतं. भात बंद केल्यावर पहिल्या चार दिवसांत काटा जो खाली येतो, तो मुख्यतः या पाण्यामुळे. पण मुलाला वाटतं, जमलं! कौतुकही होतं. हीच शाबासकी पुढचा घास तोडायला लावते. महिनाभरात वेळ सुधारण्याऐवजी पाय जड होतात, आणि मूल त्याचा दोष पुन्हा वजनाला देतं.

गैरसमज : हे मुलींचं प्रकरण, मुलांचा काय संबंध?

वस्तुस्थिती : नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या 2004 सालच्या अभ्यासात खाण्याचे विकार स्त्री खेळाडूंत सुमारे 20 टक्के आणि पुरुष खेळाडूंत सुमारे 8 टक्के आढळले. न खेळणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण अर्धा टक्का होतं. कुस्तीत वजनगट असतात, कबड्डीच्या किशोर-कुमार गटांतही वजनाची अट असते. मग आदल्या दिवशी पाणी बंद, अंगात दोन-दोन स्वेटर आणि मैदानाला फेऱ्या. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत असं वजन तोडताना तीन विद्यार्थी कुस्तीगीर दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलले. गडचिरोली-चंद्रपूर या आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एक धोका आहे, तो सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा. सिकलसेलचा वाहक असलेल्या मुलाला एरवी काही त्रास नसतो, पण पाणी तोडून उन्हात जिवापाड धावल्यास त्याचे स्नायू मोडून जीवावर बेतू शकतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात तर हा खेळ मुळीच करू नये.

गैरसमज : सराव जोरात असला की पाळी थांबतेच. उलट बरंच.

वस्तुस्थिती : ऊर्जा पुरत नाही म्हणून शरीर पाळी थांबवतं. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. हाडं भरण्याचं हेच वय असतं. या वयातली तूट पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही, आणि पायाच्या हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो. थकव्यावर नुसती लोहाची गोळी देऊनही भागत नाही. रक्त तपासा, सिकलसेल तपासा आणि मुलगी पोटभर जेवते का, हेही विचारा.

गैरसमज : “जाडी झालीस” म्हटलं की जिद्द पेटते.

वस्तुस्थिती : मन लावून सराव करणारी, चूक सहन न होणारी, सरांचा शब्द खाली पडू न देणारी मुलंच या जाळ्यात आधी सापडतात. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला सरांचा शब्द आईबापाच्या शब्दाइतका लागतो. संघासमोर वजन करणं, ते फळ्यावर लिहिणं, शरीरावरून टोपणनाव ठेवणं बंद करावं. वजन घ्यायचंच तर एकट्यात घ्यावं, आणि वजनगट मुलाच्या नेहमीच्या वजनाला धरून निवडावा.

संशय आला तर अधीक्षिका किंवा क्रीडाशिक्षकांनी मुलाला बाजूला घेऊन शांतपणे विचारावं. वजनापेक्षा झोप, थकवा आणि काळजी यांवरून बोलणं सुरू करावं. मदतीसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ केंद्रं आहेत, आणि ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. डॉक्टरांनी सराव थांबवायला सांगितला तर संघातली जागा जाणार नाही, हे मुलाला त्याच दिवशी स्पष्ट सांगावं. जागा जाईल या धाकापायीच तर ते इतके दिवस गप्प राहिलेलं असतं.