मेलेले माकड काय सांगते?

रानात एखादे माकड मरून पडलेले दिसले, तर आपण क्षणभर हळहळतो आणि पुढे चालू लागतो. परंतु सह्याद्रीच्या कुशीतील गावांना एवढ्याने भागत नाही. ते मरण कित्येकदा माणसांवर येऊ घातलेल्या संकटाची पहिली सूचना असते.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे व वानरे मरू लागली. त्याच सुमारास जवळच्या खेड्यांतील माणसेही तीव्र तापाने अंथरुणास खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना प्रथम पीतज्वराची शंका आली. शोधाअंती आढळले की, हा विषाणू नवाच असून रानातील चिमुकली गोचीड त्याची वाहक आहे. हाच 'क्यासनूर जंगल रोग', अर्थात आपल्याकडील 'माकडताप'. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आढळला.

'माकडताप' हे नाव मात्र माकडावर अन्याय करणारे आहे. आपल्याप्रमाणे तेही या रोगाचे भक्ष्यच होय. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी पालापाचोळ्यात उतरतात आणि लाकूडफाट्यास वा काजू वेचावयास गेलेल्या माणसांस चावतात. एका माणसापासून दुसऱ्यास हा ताप होत नाही.

मग पहारा कोणी ठेवावा? डॉक्टरांपुढे रोगी येईतो उशीर झालेला असतो. मेलेले माकड प्रथम दिसते ते गुराख्यास किंवा वनरक्षकास. त्याच्या शवाची तपासणी पशुवैद्य करतो, नमुन्याची परीक्षा प्रयोगशाळेत होते आणि गावास सावध करतो तो आरोग्यसेवक. या साखळीची एक कडी जरी निखळली, तरी इतरांचे श्रम वाया जातात. उलट, बातमी वेळेवर पोहोचली तर त्या जागेभोवती सुमारे ५० मीटरपर्यंत कीटकनाशक भुकटी टाकून तेथील वावर थांबविता येतो.

विद्यार्थी मित्रहो, साखळीची पहिली कडी तुम्हीही होऊ शकता. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचे दिवस विशेष जोखमीचे असतात. त्या दिवसांत मेलेले माकड आढळल्यास, मारुतीचे रूप मानून श्रद्धेने माती देण्यासाठीसुद्धा, त्यास हात लावू नका. वडीलधाऱ्यांकरवी आरोग्यकेंद्रास व वनखात्यास तत्काळ कळवा. प्राणिमात्रांचे आरोग्य आणि आपले आरोग्य निराळे नाही, हा धडा शाळेबाहेरचा असला, तरी तो प्राण वाचविणारा आहे.