एक वचन, एक दिवस

ख्रिस्ती भक्तिपरंपरेत मनन म्हणजे पवित्र शास्त्रातील एखादा छोटा उतारा घेऊन त्यावर शांतपणे विचार करणे, त्याच्या प्रकाशात स्वतःचे आचरण तपासणे आणि अखेर प्रार्थनेकडे वळणे; रोजच्या वाचनासाठी लिहिल्या जाणाऱ्या पानभर टिपणांनाही मननच म्हटले जाते. या प्रथेचा आजवर अखंड चालत आलेला एक प्रवाह जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या हेर्नहूट या गावी उगम पावला.

धर्मछळामुळे मोराव्हियातून परागंदा झालेल्या कुटुंबांनी १७२२ मध्ये काउंट त्सिंत्सेनडोर्फ या सरदाराच्या जमिनीवर हे गाव वसवले. ३ मे १७२८ रोजी त्याने उपासनेसाठी जमलेल्यांना दुसऱ्या दिवसभर मनात बाळगण्यासाठी एक ओळ दिली. पुढे अशी वचने रोज घरोघर पोहोचवली जाऊ लागली आणि १७३१ या वर्षासाठी ती प्रथमच पुस्तकरूपाने छापली गेली. आजही जुन्या करारातील, म्हणजे येशूच्या पूर्वीच्या ग्रंथांतील, सुमारे १,८०० निवडक वचनांमधून प्रत्येक दिवसाचे वचन चिठ्ठी टाकून ठरते. त्याला साजेसे नव्या करारातील वचन मात्र विचारपूर्वक निवडले जाते. चिठ्ठीमुळे वाचकाला आपल्या आवडीचीच वचने वेचता येत नाहीत, आणि सांत्वनाची अपेक्षा असलेल्या दिवशी कानउघाडणीही वाट्याला येते, हे या पद्धतीचे मोठेच बळ आहे.

हा वचनसंग्रह नित्य वापरणाऱ्यांपैकी एक म्हणजे हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक व धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर. १९३५ पासून गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसदलाने १९३७ मध्ये टाळे ठोकेपर्यंत ते फिन्केनवाल्डे येथील पाळक-प्रशिक्षणशाळा चालवत होते. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याने रोज सकाळी अर्धा तास मौन धरून काही मोजक्याच ओव्यांवर मनन करायचे आणि आठवडाभर तोच उतारा पुढे ठेवायचा, असा नियम होता. त्यातून उपदेशाची तयारी साधायला मनाई होती. मन भरकटून एखाद्या माणसाकडे गेले तर स्वतःला दोष देत न बसता त्याच माणसासाठी प्रार्थना करावी, अशी त्यांची शिकवण होती, आणि मननाविषयी याहून व्यवहार्य सल्ला क्वचितच कोणी दिला असेल.

जून १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला सुरक्षित पोहोचले होते. पण जर्मनीतील बांधवांना संकटात सोडून तेथे राहणे त्यांना पटेना. परतण्याचा निर्णय त्यांनी २० जूनला घेतला आणि २६ जूनला, सहज वाचत असताना, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती त्यांच्या नजरेस पडली. मूळ पत्रात ती अगदी घरगुती गोष्ट आहे: कैदेत असलेला पत्रलेखक पौल त्रोवस नगरात राहिलेला झगा आणि चर्मपत्रे मागवतो, सोबत केवळ लूक उरला आहे असे कळवतो आणि थंडीपूर्वी ये म्हणतो. तरीही ते शब्द स्वतःला उद्देशून आहेत असे मानणे हा शास्त्राचा गैरवापर नव्हे, अशी नोंद बॉनहोफर यांनी रोजनिशीत केली. निर्णय आधी झाला होता आणि वचन नंतर आले, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. शास्त्राचा कौल लावून त्यांनी जबाबदारी झटकली नाही, तर पत्करलेल्या जबाबदारीत वचनाचा आधार घेतला. जुलैमध्ये ते परतीच्या प्रवासाला निघाले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली.

एखादे सुटे वचन असे स्वतःशी जोडण्यातच छोट्या मननाचा धोकाही आहे: मूळ संदर्भ सुटू शकतो. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावी ओवी, जिच्यात देव आपल्या लोकांसाठी हिताचेच संकल्प योजल्याचे सांगतो, अनेक ख्रिस्ती घरांतल्या भिंतींवर झळकते. परंतु ते आश्वासन बाबेलच्या बंदिवासातील लोकांना पाठवलेल्या पत्रात दिलेले आहे, आणि आधीच्याच ओवीत त्यासाठी सत्तर वर्षे लागतील असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ते पत्र प्रथम ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना मायभूमीचे दर्शन होणार नव्हते. त्यांना काय सांगितले गेले? घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात बंदी म्हणून आणले गेलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ही आज्ञा गाळून केवळ अभिवचन उचलणारे मनन श्रद्धेला दुबळे करते, कारण जिवंत श्रद्धेचे काम त्या आज्ञेतच आहे.

म्हणून रोजचे मनन वाचणाऱ्यांनी टिपण उघडण्यापूर्वी तो संपूर्ण अध्याय एकदा वाचावा. यिर्मयाचा हा अध्याय वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत.