कृष्णधवल पथछायाचित्रणातील एकांताचा आविष्कार : सोलापूरच्या नवी पेठेच्या संदर्भात

प्रस्तावना

सोलापूर शहरातील नवी पेठ ही कापडाची व तयार कपड्यांची बाजारपेठ म्हणून परिचित आहे. लग्नसराईत आणि दिवाळीच्या सुमारास या पेठेत पाय ठेवावयास जागा नसते. अशा ठिकाणी एकांताचे छायाचित्र कसे घेता येईल, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. एकांत म्हणजे निर्मनुष्य जागा, हा समज या प्रश्नाच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात रिकाम्या रस्त्याच्या चित्रात केवळ रिकामा रस्ता असतो. एकांताचा प्रत्यय येण्यासाठी चित्रात माणूस असावा लागतो आणि त्याचे भोवतालाशी असलेले नाते दिसावे लागते. हे नाते कृष्णधवल माध्यमात कोणत्या साधनांनी व्यक्त होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन शब्द, तीन अवस्था

मराठीत एकटेपणा, एकांत आणि एकाकीपणा असे तीन शब्द आहेत. व्यवहारात ते एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. एकटेपणा ही मुख्यतः संख्येशी निगडित वस्तुस्थिती होय. एकांत माणूस स्वतःहून शोधतो. चिंतनासाठी, नामस्मरणासाठी किंवा निव्वळ विश्रांतीसाठी. एकाकीपणा मात्र त्याच्या वाट्याला येतो. कॅमेरा यांपैकी फक्त पहिल्या अवस्थेची नोंद करू शकतो. दुपारी दुकानाच्या पायरीवर बसलेला हमाल विसावा घेत आहे की काम न मिळाल्याने खिन्न आहे, हे भिंगाला कळत नाही. चौकटीत काय ठेवले आणि काय वगळले, यावरून प्रेक्षक तो अर्थ ठरवितो. हमालाशेजारी चहाचा पेला दिसला तर तो विसावा वाटेल; पेला वगळून केवळ बंद शटर ठेवले तर तेच दृश्य एकाकी भासेल. म्हणून अर्थाची मोठी जबाबदारी छायाचित्रकारावर येते.

रंगाचा लोप आणि त्याचे परिणाम

नवी पेठेतील दृश्यात रंगांची गर्दी माणसांच्या गर्दीपेक्षा कमी नसते. टांगलेल्या साड्या, सोलापुरी चादरी, दुकानांच्या पाट्या आणि रांगेने उभ्या दुचाक्या दृष्टी वेधून घेतात. कृष्णधवल चित्रात रंगाचे रूपांतर तेजस्वितेत होते. मानवी डोळ्यास हिरवा प्रकाश सर्वाधिक, तांबडा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी तेजस्वी जाणवतो. रूपांतराच्या प्रचलित पद्धतीत या तिघांचा वाटा अनुक्रमे सुमारे 72, 21 आणि 7 टक्के धरला जातो. त्यामुळे गडद तांबडी आणि मध्यम हिरवी चादर रंगाने परस्परविरोधी असूनही चित्रात एकाच करड्या छटेची दिसू शकते. मालाचे आकर्षण अशा रीतीने ओसरते आणि पांढरा सदरा घातलेली एखादी व्यक्ती करड्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. तथापि रंग काढून टाकल्याने एकांत आपोआप निर्माण होत नाही. व्यक्ती आणि पार्श्वभूमी यांच्या छटा सारख्याच असतील, तर ती व्यक्ती गर्दीत हरवून जाते.

काळाचे साधन

1838 मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधील बुलवार द्यू ताँप्ल या वर्दळीच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. प्रकाशनाचा अवधी काही मिनिटांचा असल्याने चालती माणसे व गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस मात्र उमटला. मानवी आकृती दिसणाऱ्या ज्ञात छायाचित्रांत हे सर्वांत जुने मानले जाते. भरलेल्या रस्त्यावर एकटा माणूस दिसणे, हा येथे केवळ तंत्राच्या मर्यादेचा परिणाम होता.

हीच मर्यादा पुढे अभिव्यक्तीचे साधन बनली. रघु राय यांनी 1995 मध्ये मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर घेतलेल्या छायाचित्रात धावपळ करणारी गर्दी धुरकट प्रवाहासारखी दिसते आणि वृत्तपत्र वाचण्यात गढलेला प्रवासी स्पष्ट राहतो. या परिणामामागील गणित सोपे आहे. सेकंदाला सुमारे 1.2 मीटर वेगाने चालणारा माणूस अर्ध्या सेकंदात 60 सेंटिमीटर सरकतो, तर 1/250 सेकंदात जेमतेम अर्धा सेंटिमीटर. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून पडदा अर्धा सेकंद उघडा राहिल्यास नवी पेठेतील ग्राहकांचा ओघ पुसट होईल आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा असलेला विक्रेता ठळक राहील. गर्दी येथे अडथळा न ठरता एकांताचा पुरावा ठरते.

प्रकाश आणि अवकाश

सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य तेथे मध्यान्ही डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. उन्हाच्या तडाख्याने रस्ता ओस पडला, तरी सपाट व कठोर प्रकाशात आकृतीला खोली लाभत नाही. याउलट सूर्य क्षितिजापासून 15 अंशांवर असताना सावली उंचीच्या जवळजवळ पावणेचार पट लांबते. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी अरुंद गल्लीत तिरप्या उन्हाचा पट्टा पडतो. त्या पट्ट्याच्या तेजानुसार प्रकाशन निश्चित केल्यास उरलेली गल्ली काळोखात जाते आणि पट्ट्यातून जाणारा झाडूवाला किंवा हातगाडीवाला एकटाच दृष्टीस पडतो. चौकटीत आकृती लहान ठेवून भोवती मोकळा अवकाश सोडल्यास हा परिणाम अधिक गडद होतो.

एक आक्षेप

रंगीत छायाचित्रणाचे पुरस्कर्ते रघुबीर सिंग यांनी 1998 च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या ग्रंथात महत्त्वाचा आक्षेप नोंदविला. कृष्णधवल दृष्टी ही अपराधभावना व मृत्यू यांच्याशी जोडलेल्या पाश्चात्त्य मनाची असून भारतीय जीवन रंगातूनच पाहिले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. बाजारपेठेतील माणसावर उसने नैराश्य लादणाऱ्या चित्रांना हा आक्षेप निश्चितच लागू पडतो. परंतु सुधारक ओलवे यांनी मुंबईतील सफाई कामगारांची घेतलेली कृष्णधवल छायाचित्रे पाहता तो सरसकट मान्य करता येत नाही. महानगराच्या घाणीत उतरलेल्या कामगाराचे एकाकीपण तेथे छायाचित्रकाराच्या मनःस्थितीतून आलेले नाही. जातिव्यवस्थेने आणि समाजाच्या उपेक्षेने ते निर्माण केले आहे. 2016 मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेल्या ओलवे यांच्या कार्यात कृष्णधवल माध्यम ही उपेक्षा स्पष्ट करते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पथछायाचित्रातील एकांत हा छटा, काळ, प्रकाश आणि अवकाश यांच्या निवडीतून घडतो. ही निवड तांत्रिक असली तरी तिचा परिणाम चित्रातील माणसाच्या प्रतिमेवर होतो. नवी पेठेत तासन्‌तास उभा राहणारा विक्रेता वा हमाल आपल्या चित्राखाली कोणता शब्द लिहिला जाईल, हे ठरवू शकत नाही. म्हणून अशा व्यक्तीशी दोन शब्द बोलणे, चेहरा ओळखू येत असल्यास प्रसिद्धीपूर्वी तिची संमती घेणे आणि तिच्या विसाव्याला दुःखाचे रूप न देणे, ही पथ्ये छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमात तंत्राइतक्याच काटेकोरपणे शिकविली जाणे आवश्यक आहे.