विश्लेषण : ‘आर्च लिनक्स’ वापरायला अवघड, तरी जाणकारांची लाडकी का?

१६ जुलै २०२५ च्या रात्री ‘आर्च लिनक्स’च्या वापरकर्त्यांच्या भांडारात एक पॅकेज दाखल झाले, काही तासांत आणखी दोन. फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन या ब्राउजरांच्या दुरुस्त आवृत्त्या वाटाव्यात अशी त्यांची नावे होती. प्रत्यक्षात त्यांच्यासोबत संगणकाचा ताबा दूरवरून घेऊ देणारा घातक प्रोग्राम येत होता. १८ जुलैला ती काढून टाकण्यात आली. मात्र ज्यांनी ती बसवली, त्यांना आपली यंत्रणा आपणच तपासावी लागली. ही प्रणाली पहिल्यापासून अशीच चालते.

आर्च लिनक्स काय आहे?

लिनक्सच्या गाभ्यावर उभी असलेली ही मुक्तस्रोत संगणक प्रणाली. कॅनडातील प्रोग्रामर जड विनेट यांनी ‘क्रक्स’ या आटोपशीर प्रणालीपासून प्रेरणा घेऊन ती घडवली. पहिली आवृत्ती ११ मार्च २००२ रोजी आली. २००७ मध्ये विनेट बाजूला झाले, तेव्हापासून स्वयंसेवकच ती सांभाळतात.

उबुंटू किंवा मिंट बसवताना चार-सहा प्रश्नांची उत्तरे दिली की काम होते. आर्च सुरू केली की समोर येतो काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. डिस्कचे भाग पाडणे, वायफाय जोडणे, भाषा आणि वेळ ठरवणे, संगणक सुरू करणारा बूटलोडर बसवणे, सारे आज्ञा टंकून करायचे. खिडक्या आणि आयकॉन असलेला डेस्कटॉपही नसतो; हवा असेल तर निवडून बसवायचा. येथे ‘साधेपणा’चा अर्थ वापरायला सोपे असा नाही. न मागितलेले काही नसणे, हा तो साधेपणा. बसवणाऱ्याला मग आपल्या संगणकात काय आहे आणि का आहे, हे ठाऊक असते. एप्रिल २०२१ पासून मार्गदर्शन करणारा ‘आर्चइन्स्टॉल’ सोबत मिळू लागला, तेव्हा ही तर परीक्षेत कॉपी, असे काही जुन्या मंडळींना वाटले!

अद्ययावत राहण्याची किंमत

उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. आर्चला अशा आवृत्त्या नाहीत. नवे सॉफ्टवेअर तयार झाले की थोड्याच काळात ‘पॅकमन’ या साधनामार्फत मिळते. एकदा बसवलेली प्रणाली वर्षानुवर्षे अद्ययावत होत राहते. पण सगळी पॅकेजेस एकत्रच अद्ययावत करावी लागतात. अर्धवट अद्यतनाला पाठिंबा नाही. काही बदलांपूर्वी हाताने फेरफार करावे लागतात. तशी सूचना संकेतस्थळावर येते. ती न वाचणाऱ्याचा संगणक सकाळी सुरूच झाला नाही, असे होऊ शकते.

ताजेपणाचा धोका मार्च २०२४ मध्ये दिसला. ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचन करणाऱ्या साधनात कुणी चोरदरवाजा पेरल्याचे उघड झाले, तेव्हा ती आवृत्ती आर्चच्या भांडारात पोहोचली होती. आर्चमध्ये दूरस्थ प्रवेशाचा प्रोग्राम त्या साधनाशी थेट जोडलेला नसल्याने ज्ञात हल्ला लागू पडत नव्हता. तरीही सर्वांना तातडीने अद्यतन करण्यास सांगितले गेले.

मग जुलैमध्ये चूक कुणाची?

आर्चची अधिकृत भांडारे आणि ‘आर्च यूजर रिपॉझिटरी’ अर्थात ‘एयूआर’ यांत फरक आहे. अधिकृत पॅकेजेस प्रकल्पाचे विश्वासू सदस्य बांधतात आणि त्यांवर डिजिटल स्वाक्षरी असते. एयूआरमध्ये खाते उघडून कुणीही ‘पीकेजीबिल्ड’ चढवू शकतो. ही एक प्रकारची पाककृती: सॉफ्टवेअर कोठून आणायचे, कसे बांधायचे याची कृती. बसवण्याआधी ती वाचावी, जोखीम स्वतःची, असे तेथे बजावलेले असते. ‘याय’ किंवा ‘पारू’सारखी मदतनीस साधने हे काम एका आज्ञेवर आणतात, आणि वाचण्याची पायरी अनेकदा तेथेच गळते. २०१८ मध्येही बेवारस झालेले एक पॅकेज ताब्यात घेऊन त्यात घातक आज्ञा घुसवली गेली होती. भांडार खुले आहे म्हणूनच ते इतके समृद्ध झाले, हे मान्य. पण वाचण्याचा सल्ला नवख्याच्या फारसा कामाचा नाही, कारण काय शोधायचे हेच त्याला माहीत नसते.

सामान्यांनी वापरावी का?

‘विंडोज १०’चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर जुन्या संगणकांसाठी लिनक्सचा विचार करणाऱ्यांना मिंट किंवा उबुंटू अधिक सोयीचे. आर्चच्या वाटेला जायचेच, तर आधी व्हर्च्युअल मशिनमध्ये बसवून पाहावे. तिची ‘आर्चविकी’ मात्र इतर लिनक्सवालेही उघडतात, इतकी ती तपशीलवार आहे.

गंमत म्हणजे, आर्चचे नावही न ऐकलेले अनेक जण ती वापरतात. व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्टीम डेक’ या हातात मावणाऱ्या गेमिंग संगणकातील ‘स्टीमओएस’ आर्चवर आधारलेली आहे. फरक एवढाच की, तेथे प्रणालीचा मुख्य भाग कुलूपबंद असतो आणि अद्यतने कंपनी तपासून पाठवते.