नाडी मंदावली म्हणजे मेंदू उपाशी?

‘सकाळी फिरायला जायचं असेल तर बीपीची गोळी घरी आल्यावर घ्या, नाहीतर मेंदूला रक्त कमी पडेल.’ बागेतल्या बाकांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हा सल्ला सर्रास दिला जातो. इथे रोख असतो तो बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळीवर, म्हणजे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यांच्यापैकी एखादीवर. तर्क असा की गोळीने ठोके कमी होतात, म्हणून रक्त कमी पोचतं, म्हणून मेंदू उपाशी राहतो. यातलं पहिलं विधान तेवढं खरं आहे.

मुळात हे औषध श्रमांच्या वेळेचा विचार करूनच शोधलं गेलं. अंजायनाच्या रुग्णाला जिना चढताना छातीत दुखतं, कारण हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना ती भागवता येत नाही. पुरवठा वाढवता येत नसेल तर मागणी कमी करावी, त्यासाठी हृदयावर होणारा अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम अडवावा, असा विचार स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी केला. त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रानोलॉल आलं आणि १९८८ मध्ये ब्लॅक नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. चालताना हृदयाला सांभाळणारी गोळी नेमकी चालण्याआधी टाळायला सांगणं हा उफराटा सल्ला झाला.

आता मेंदूकडे वळू. वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीत शरीराच्या सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त बाहेर टाकतं, त्यातलं सुमारे पाऊण लिटर मेंदूकडे जातं. जोरात व्यायाम करणाऱ्या निरोगी तरुणाचं हृदय २० लिटरपर्यंत मजल मारतं, पण मेंदूचं रक्त चौपट होत नाही. ते थोडंसंच वाढतं. बाकीचा लोंढा स्नायूंकडे वळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या रक्तदाब पाहून आणि मुख्य म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाहून आकुंचन-प्रसरण पावतात.

याचा पुरावा कुठल्याही गोळीविना मिळतो. मध्यम व्यायामात मेंदूचा रक्तप्रवाह वाढतो. पण माणूस दमछाक होईपर्यंत पळू लागला की श्वास वेगाने चालतो, कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वाढलेला प्रवाह पुन्हा खाली येतो. त्या क्षणी नाडी सर्वांत वेगवान असते! ठोके आणि मेंदूचं रक्त एकाच मापाने वाढतात, हे गृहीतच इथे कोसळतं.

मग बीटा-ब्लॉकरचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही का? होतो, आणि तो लपवण्याचं कारण नाही. कोपनहेगनमध्ये नील्स सेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना औषध देऊन सायकल चालवायला लावली. मेटोप्रोलॉल दिल्यावर मेंदूच्या मोठ्या धमनीतला रक्ताचा वेग व्यायामात एरवीइतका वाढला नाही. वाढ कमी होणं म्हणजे पुरवठा तुटणं नव्हे. ठोके कमी झाले तरी प्रत्येक ठोक्यागणिक हृदय जास्त रक्त टाकतं, आणि मेंदू आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. याच वर्तुळातल्या २००९ च्या अभ्यासात, औषध घेऊन केलेल्या व्यायामात मेंदूतली ऑक्सिजनची पातळी घटल्याचंही दिसलं. गोळी घेणाऱ्याला चढावर लवकर थकवा येतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. पण धडधाकट माणसाने थकेपर्यंत मारलेली सायकल वेगळी आणि साठीतल्या गृहस्थांचं भरभर चालणं वेगळं.

चयापचयाची गोष्ट तर आणखी वेगळी निघाली. विश्रांतीत मेंदू ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे जवळपास सहा रेणू वापरतो. जबर व्यायामात तो ग्लुकोज आणि स्नायूंकडून आलेलं लॅक्टेट ऑक्सिजनच्या मानाने कितीतरी जास्त उचलतो, त्यामुळे हे प्रमाण निम्म्याजवळ घसरू शकतं. २००८ मध्ये कोपनहेगनच्या गटाने दाखवलं की प्रोप्रानोलॉल दिल्यास ही घसरण टळते. म्हणजे त्या घसरणीत अ‍ॅड्रेनालिनचा हात आहे. औषधाने मेंदूच्या इंधनाचा हिशेब बदलतो, हे खरं. मेंदू उपाशी पडतो, हे त्यातून निघत नाही.

सकाळची गोळी लांबणीवर टाकून साधतं काय? दिवसातून एकदा घ्यायच्या मेटोप्रोलॉलचा परिणाम सुमारे २४ तास टिकतो, त्यामुळे कालची गोळी आजही काम करत असते. आणि याच भीतीने गोळ्या एकदम बंद केल्या तर अंजायना उसळू शकतो, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावं, ते मात्रा बदलतील. बाकावरच्या सल्ल्याने मात्रा बदलू नये.

आणखी काही समज थोडक्यात.

‘या गोळ्यांनी नैराश्य येतं.’ २०२१ मध्ये ५३ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नैराश्य खोटी गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. झोपेच्या आणि विचित्र स्वप्नांच्या तक्रारी मात्र काहींना होऊ शकतात.

‘हृदय दुबळं होतं.’ १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बिसोप्रोलॉलने हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

‘साखर उतरली तर धडधडीवरून कळतंच.’ मधुमेह्यांनी यावर विसंबू नये. गोळी ती धडधड झाकू शकते, घाम मात्र येतो.

‘घड्याळातली नाडी १४० गाठेपर्यंत व्यायाम झालाच नाही.’ कमाल नाडी काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याला लागूच पडत नाही. त्याने स्वतःला किती श्रम वाटतात हे पाहावं: चालताना सलग वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग म्हणजे मध्यम व्यायाम झाला.